मूर्खपणा असावा तर असा

समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खांची लक्षणं इतक्या बारकाईनं सांगितली आहेत, की त्या यादीत ज्याला त्याला आपलं नाव सापडावं. मूर्खपणाच्या एका प्रकाराची निंदा करायला मात्र माझी जीभ रेटत नाही. पुरेसं झालेलं काम पुरेसं न मानण्याचा हा मूर्खपणा आहे. तो पाहायचा तर रॉक बँडचा दुसरा अल्बम कसा तयार होतो ते पाहावं.

पहिला अल्बम गाजला की बँडभोवती शहाण्यांचा गराडा पडतो. तवा तापलाय, पोळी भाजून घ्या, असा सगळ्यांचा एकमुखी सल्ला असतो. सल्ला अगदी व्यवहारी आहे, आणि तो मानून केलेले दुसरे अल्बम दुकानांत ढिगानं मिळतात. माझी भक्ती ज्यांनी तो मानला नाही त्यांच्यावर आहे.

‘माय ब्लडी व्हॅलेंटाइन’ हा १९८३मध्ये डब्लिनमध्ये सुरू झालेला बँड. ‘इझन्ट एनीथिंग’ हा त्यांचा पहिला अल्बम १९८८मध्ये आला. वेल्समधल्या एका स्टुडिओत तो जेमतेम दोन आठवड्यांत उरकला होता, आणि ब्रिटिश संगीत साप्ताहिकांनी त्याला डोक्यावर घेतलं. त्यांची कंपनी ‘क्रिएशन रेकॉर्ड्स’ लहानशी होती. दोन आठवड्यांत पहिला झाला, तर दुसऱ्याला पाच दिवस पुष्कळ, असा तिचा हिशेब. फेब्रुवारी १९८९मध्ये लंडनच्या ब्लॅकविंग स्टुडिओत काम सुरू झालं. अल्बम बाजारात आला ४ नोव्हेंबर १९९१ला. नाव ‘लव्हलेस’.

मधल्या काळात बँडनं १९ स्टुडिओ पालथे घातले. केव्हिन शील्ड्स हा गिटारवादक आणि बँडचा कर्ताधर्ता. त्याला एका ठिकाणची यंत्रं पटत नसत, दुसरीकडे आवाज मनासारखा येत नसे, आणि बाडबिस्तरा पुन्हा हलत असे. ध्वनिमुद्रण करणाऱ्या तंत्रज्ञांची वेष्टणावर सोळा नावं आहेत. ज्यांनी फक्त चहा आणून दिला त्यांचीही नावं आम्ही घातली, असं शील्ड्सनंच सांगितलं आहे. ॲलन मोल्डरसारखा एखादा सोडला, तर इतरांना तो फारसा हातही लावू देत नसे.

एवढं घोटत होता तरी काय? इलेक्ट्रिक गिटारला तारांचा ताण कमीजास्त करणारी एक धातूची दांडी असते. बहुतेक वादक ती मधूनच, एखादा सूर थरथरवायला वापरतात. शील्ड्स ती दांडी हातात धरूनच तारा छेडत असे. त्यामुळे प्रत्येक आघातासरशी सगळे सूर मिळून किंचित खाली घसरतात आणि परत वर येतात. मींड ऐकायची सवय असलेल्या आपल्या कानाला यातली गंमत लवकर कळते, फक्त इथे मींड एका सुराची नसून अख्ख्या स्वरसमूहाची असते. ‘लव्हलेस’ ऐकणाऱ्याला वाटतं की शेकडो गिटारी एकावर एक रचल्या असाव्यात. शील्ड्सचं म्हणणं याच्या नेमकं उलट आहे: थर अगदी थोडे आहेत, प्रत्येक थर मात्र हवा तसा मिळेपर्यंत वाजवलेला आहे. मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावणारा कारागीर घोडीवरचा, तारेखालचा दोरा केसभर सरकवतो, कान देतो, पुन्हा सरकवतो. जवारी किती वाजेपर्यंत लागेल, हे त्याला विचारण्यात अर्थ नसतो.

पण या मूर्खपणाचं शिखर गाण्यांच्या शब्दांत आहे. ‘लव्हलेस’मधले शब्द धड ऐकू येत नाहीत. आवाज गिटारीच्या धुक्यात इतका खोल बुडवलेला आहे, की तो कुणाचा हेही नीट उमगत नाही. आणि हे शब्द लिहायला शील्ड्स आणि गायिका बिलिंडा बुचर रात्र रात्र, आठ-आठ दहा-दहा तास बसत होते. कुणाला कळणारच नाही अशा ओळीसाठी कागद फाडायचा, दुसरी लिहायची, तीही खोडायची. कोणताही समजदार माणूस म्हणेल, काहीतरी गुणगुणून टाका, कोणाला पत्ता लागणार आहे? हा ‘कोणाला पत्ता लागणार आहे’ मला फार घातक वाटतो. शिवणाच्या आतल्या बाजूपासून पुलाच्या सिमेंटपर्यंत त्यानं केलेली नासाडी आपण रोज भोगतो. हे दोघं त्या वाक्याला बधले नाहीत, म्हणून मी त्यांना मानतो. ऐकू न येणारा शब्दही गाणाऱ्याच्या तोंडात असतो, आणि तो खोटा असेल तर गळ्यातून निघणारा सूरही खोटा पडतो.

गाताना मुद्रणकक्ष आणि गायनकक्ष यांमधल्या काचेवर पडदा ओढलेला असे. गाणं मनासारखं झालं की पडदा सरकवून हात हलवायचा, तोवर बाहेरच्यांनी नुसतं थांबायचं. बुचरला अनेकदा पहाटे नुकता डोळा लागलेला असताना उठवून गायला उभं केलं जाई, आणि ती झोप आवाजात जशीच्या तशी उतरली आहे. एकाच ओळीचे डझनभर प्रयत्न जमले आणि त्यातला उत्तम कोणता हे ठरेना, तेव्हा सगळेच एकत्र वाजवले. यालाच पुढे लोक अलौकिक म्हणू लागले.

सोबत्यांना या हट्टाची झळ लागली, हे लपवण्यात अर्थ नाही. ड्रमवादक कॉल्म ओ कीसोग आजारी होता, राहत्या घराचेही हाल होते. त्याचे ठोके सॅम्पलरवर घेऊन बरेचसे ताल तुकड्यातुकड्यांनी जोडावे लागले. बासवादक डेबी गूजचं नाव वेष्टणावर आहे, वाजवणं जवळजवळ नाहीच. तिच्या वाट्याला नुसतं वाट पाहणं आलं. तिचा विचार आला की माझी स्तुती जरा अडखळते, आणि ती अडखळायलाच हवी.

राहिला पैसा. अडीच लाख पौंड खर्चून या अल्बमनं ‘क्रिएशन’चं दिवाळं काढत आणलं, ही कथा प्रसिद्ध आहे. शील्ड्सला तो आकडा मान्य नाही. बराचसा पैसा तेवढा काळ जगण्यावर गेला, असं तो म्हणतो. अल्बम ब्रिटनच्या यादीत चोविसाव्या क्रमांकापर्यंत चढला, आणि कंपनीचा मालक ॲलन मॅकगी यानं बँडला नारळ दिला. पुढच्याच वर्षी कंपनीचा ४९ टक्के हिस्सा सोनीला विकला गेला. मॅकगीला दोष देणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. मनात येईल तेव्हा बिलं थांबवता आली असती, तरी शिव्या घालत का होईना, तो दोन वर्षांहून अधिक काळ पैसे भरत राहिला. या वेडात त्याचाही वाटा आहे.

शहाणपणाचा मार्ग धरणाऱ्यांचं काय होतं, तेही पाहा. अमेरिकेच्या ‘बॉस्टन’ बँडचा पहिला अल्बम १९७६चा, तुफान खपलेला. त्यांचा टॉम शोल्झ हाही असाच घोटत बसणारा. कंपनीनं घाई केली आणि दुसरा अल्बम १९७८मध्ये दुकानांत पोचला. तो खपलाही लाखांनी. शोल्झ मात्र काम पुरं होण्याआधीच अल्बम हातातून गेला म्हणून कायम हळहळत राहिला. तिसऱ्याच्या वेळी त्यानं कुणाचंच ऐकलं नाही. कंपनी कोर्टात गेली, तरी अल्बम १९८६मध्येच आला.

‘माय ब्लडी व्हॅलेंटाइन’चा तिसरा अल्बम त्याहूनही लांबला. तो २ फेब्रुवारी २०१३ला आला, दुसऱ्यानंतर एकवीस वर्षांनी. कंपनी नव्हती, बँडनं तो स्वतःच प्रसिद्ध केला. आणि शील्ड्सनं त्यानंतर काय करावं? ‘लव्हलेस’च्या मूळ टेपा काढल्या आणि कुठेही संगणक मध्ये न आणता, नव्यानं तबकडी कोरायला बसला. ती २०१८मध्ये लोकांपर्यंत आली. अल्बम आधीच ऐकायला मिळत असताना हे कशासाठी, असं अनेकांनी विचारलं. जुना अल्बम आणि ही नवी तबकडी, दोन्ही लागोपाठ ऐका. नव्या तबकडीत गिटारीच्या त्या घसरणाऱ्या सुरांना कडा उरलेली नाही, आणि बुचरचा आवाज बोटभर जवळ आला आहे. शब्द अजूनही कळत नाहीत.