भावी डॉक्टर

चौकातल्या फ्लेक्सवर जसे 'भावी नगरसेवक' असतात, तसे विद्यापीठात 'भावी डॉक्टर' असतात. नगरसेवकाला निदान निवडणूक लागायची वाट बघावी लागते. याला कुणीच अडवलेलं नसतं.

आमचा भावी डॉक्टर पुणे विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात दहाच्या ठोक्याला हजर. सॅकमध्ये लॅपटॉप, पाच रंगांचे हायलायटर आणि कुठल्याशा राष्ट्रीय चर्चासत्रात मिळालेलं रेक्झिनचं फोल्डर. प्लगपॉइंटजवळची जागा धरायची, 'पेपर_फायनल_३' ही फाइल उघडायची आणि चहाला बाहेर पडायचं. फाइलमध्ये शीर्षक आहे: 'मुळशी खोऱ्यातील जात्यावरच्या ओव्यांमधील माहेर : एक चिकित्सक अभ्यास (विशेष संदर्भ : मौखिकता)'. 'चिकित्सक' ठेवावं की 'विश्लेषणात्मक', यात एक अख्खा पावसाळा गेला. शीर्षकाखाली त्याचं नाव. नावाखाली कर्सर, तोही बिचारा लुकलुकून थकलेला.

संदर्भसूची मात्र तयार! शोधगंगेवरून उतरवलेले प्रबंध झोटेरोत नीट लावलेले आहेत, फोल्डरमध्ये फोल्डर. वाचलेस का, असं विचारायचं नाही. "रिव्ह्यू ऑफ लिटरेचर चाललाय," एवढंच उत्तर मिळतं, आणि ते मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्याच्या गाईड मॅडमचे केस काळे होते.

विषय तसा सोन्यासारखा. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांना घेऊन गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या कितीतरी आज 'पारी' या ग्रामीण भारताविषयीच्या संकेतस्थळावर बायकांच्या आवाजात ऐकायला मिळतात. याचा त्यावर आक्षेप असा, की आयती सामग्री घेतली तर 'प्रायमरी डेटा' कुठून येणार? बरं, मग मुळशीला जा की! एसटी जाते. तर प्रश्नावली व्हायची आहे.

दिवाळीत मी त्याच्या गावी गेलो होतो. आजीनं नातवाचा अभ्यास कशावर चाललाय ते ऐकलं आणि मेथी निवडता निवडता सरळ ओवी धरली. हा घाईघाईनं हात आडवा करून म्हणाला, "आजी, थांब. प्रश्नावली अजून मॅडमनी मंजूर केली नाही."

"मंग म्याडमलाच गायला सांग," असं म्हणून आजी परत मेथीकडे वळली. माझ्या मते त्या घरातली संशोधनाची खरी जाण तिलाच आहे.

नियमांचा याचा अभ्यास मात्र दांडगा. यूजीसीच्या 2018च्या वाङ्मयचौर्यविरोधी नियमांत 10 टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, हे त्याला तोंडपाठ. म्हणून खात्री करायला त्यानं फाइल सॉफ्टवेअरला लावली. शीर्षकातच साम्य निघालं! 'एक चिकित्सक अभ्यास' उभ्या महाराष्ट्रानं आधीच केलेला होता. मग नियतकालिक निवडायचं काम. यूजीसीच्या केअर यादीतली नावं एक्सेलमध्ये घालून त्यानं रंगवली. हिरवी उत्तम, पिवळी बरी, लाल नको. रंगकाम उरकत आलं आणि 2025 साली यूजीसीनं यादीच बंद केली.

त्याआधी 2022च्या नियमांनी प्रबंधापूर्वी पेपर छापण्याची सक्तीही काढून टाकली होती. आम्हांला वाटलं, सुटला. हा उलट गंभीर झाला. "सक्ती होती तोवर काहीतरी खरडून देता आलं असतं. आता दर्जेदार लिहावं लागणार."

एक मात्र कबूल करायला हवं. पेपर कसा लिहावा, हे त्याच्याइतकं कुणी सांगू शकत नाही. गृहीतक कसं मांडावं, तळटीप कुठं द्यावी, पैसे घेऊन चार दिवसांत काहीही छापणारी नियतकालिकं कशी ओळखावीत, हे तो कटिंगवर कटिंग पाजत समजावतो. पैसे स्वतःच देतो. ज्युनियर पोरं वहीत उतरवून घेतात, उठतात, जाऊन लिहून टाकतात आणि डॉक्टर होतात. त्यांच्या प्रबंधांच्या ऋणनिर्देशांत आईवडील आणि टंकलेखक यांच्या मधोमध याचं नाव असतं. त्या पानांच्या झेरॉक्स त्यानं रेक्झिनच्या फोल्डरात जपून लावल्यात. वर चिठ्ठी चिकटवली आहे : 'सायटेशन्स'.