चित्रगृहस्थ

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत देखभाल खात्यावर निम्मी हयात घालविलेला, बोईसर-चिंचणी रस्त्याच्या आसपास कर्ज काढून घर बांधलेला, आणि चिरंजीव नोकरीनिमित्त पुण्यास रवाना झाल्यामुळे एका खोलीचा अकस्मात धनी झालेला जो गृहस्थ, त्याच्या ठायी त्या खोलीत स्वहस्ते चित्रगृह उभारण्याची वासना बहुधा पहिल्या पावसाळ्याच्या आतच उत्पन्न होते. या जातीस आम्ही सोयीसाठी चित्रगृहस्थ म्हणतो. तो अत्यंत निर्व्यसनी असतो. इतका, की ताडीचा नाद असता तर स्वस्तात पडले असते, असे त्याची पत्नी अलीकडे चारचौघींत बोलू लागली आहे.

खोली रिकामी होती, हे त्याचे म्हणणे. घरातील इतरांची कैफियत निराळी आहे. त्या खोलीत वर्षाची बेगमी असे. वाडा कोलमची कोठी, पापड-सांडग्यांचे डबे, खाली वर्तमानपत्र पसरून ठेवलेले सुके बोंबील, आणि नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात फडके बांधलेली लोणच्याची मोठी बरणी. एका रविवारी फर्मान सुटले आणि हा सारा सरंजाम बेदखल झाला. बरणी तेवढी राहिली, कारण लोणचे मुरेपर्यंत बरणी जागची हलवायची नाही, असा त्याच्या मातोश्रींचा दस्तूर आहे आणि त्यावर अपील चालत नाही. बोंबील गेले, पण त्यांचा वास मागे राहिला. आणि पुढे दाराच्या फटींना रबराच्या पट्ट्या बसून खोली हवाबंद झाली, तेव्हा तो वास तिथला कायमचा वहिवाटदार झाला.

आरंभी त्याने अंड्यांचे कागदी ट्रे जमवून भिंतींना डकविले. आवाज अडवायचा तर भिंतीला वजन हवे आणि फट मुळीच नको. ट्रेपाशी यांतले काहीच नसल्याने तो वरच्या पट्टीतला प्रतिध्वनी थोडासा मऊ करतो आणि बाकी सर्व ध्वनी शेजाऱ्यास जसाच्या तसा पोचता करतो. हे ज्ञान त्यास शेजाऱ्याकडूनच प्राप्त झाले. मग ट्रे उतरले, रॉकवूल आले, त्यावर जिप्समचे दुहेरी तक्ते चढले, आणि खोली चारी बाजूंनी आत सरकत बारा फुटांवर आली. खर्चाचे मूळ अंदाजपत्रक कपाटात कुलूपबंद आहे.

यंत्रसामग्रीसाठी लॅमिंग्टन रोडच्या वाऱ्या झाल्या. २०१३ साली उपनगरी गाड्या डहाणू रोडपर्यंत धावू लागल्यापासून बोईसरकरांची मुंबईकडची ये-जा पुष्कळ वाढली, हे खरे. परंतु संध्याकाळच्या डहाणू गाडीत सबवूफरचे खोके घेऊन विरारला आत शिरणे हे कोणत्याही वेळापत्रकात बसणारे काम नव्हे. त्याने ते केले. सफाळ्यापर्यंत त्या खोक्यावर नेहमीच्या मंडळींचा पत्त्यांचा डाव रंगला होता आणि पालघरला उतरताना एकाने, टेबल उद्याही आणा, अशी विनंती केली.

पडदा घरीच झाला : लाकडी चौकट, त्यावर ताणलेले पांढरे जाड कापड आणि कडेने काळी मखमल, जेणेकरून चित्राबाहेर सांडलेला प्रकाश गिळला जावा. मधला स्पीकर पडद्याच्या मागे ठेवावा, म्हणजे संवाद पात्राच्या मुखातून आल्यासारखे वाटतात, हा सिद्धान्त त्यास पटला; मात्र त्यासाठी पडद्याला हजारो सूक्ष्म छिद्रे लागतात. चिंचणी-वरोरकडे दागिन्यांचे डाय कोरणारे कारागीर आहेत. पोलादात केसासारखी नक्षी उठविणाऱ्या अशा एकापुढे त्याने ते कापड उलगडले. कारागिराने भिंगातून कापडाकडे पाहिले, मग भिंग काढून चित्रगृहस्थाकडे पाहिले, आणि चहा मागविला.

उद्घाटनास 'शोले' योजला होता. १९७५ सालचा हा चित्रपट ७० एमएमवर आणि स्टिरिओफोनिक ध्वनीत झळकला होता, हे त्याने पाहुण्यांस उभे राहून सांगितले. आरंभीच्या आगगाडीच्या प्रसंगात धडधड उजवीकडून डावीकडे अशी काही गेली, की सर्वांनी माना वळविल्या, आणि ‘‘पाहिलंत? याला म्हणतात सराउंड!’’ असे उद्गार त्याच्या मुखातून निघाले. पडद्यावरची गाडी त्या वेळी उलट दिशेने चालली होती. पश्चिम रेल्वेचा मार्ग तेथून फार लांब नाही, हे बोलून दाखविण्याइतका कठोर कोणीच झाला नाही. मध्यंतरापूर्वी वीज गेली. देशातील पहिले अणुविद्युत केंद्र १९६९ पासून ज्या तालुक्यात नांदते, तेथे दिव्याखाली अंधार ही म्हण लोक इतक्या वेळा वापरतात की तिच्यावर आता कोणी हसतही नाही.

सबवूफरची कीर्ती मात्र सर्वदूर पसरली. २०१८ च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीकडे भूकंपाचे धक्के सुरू झाल्याने लोकांचे कान जमिनीला लागलेलेच असत. अशा दिवसांत एका रात्री पडद्यावर दारूगोळ्याचे कोठार उडाले आणि समोरच्या चाळीतील कुटुंबे लेकरांसह अंगणात आली. दुसरा कोणी असता तर शरमला असता. चित्रगृहस्थाने ती घटना प्रशस्तिपत्र म्हणून दप्तरी दाखल करून घेतली.

दुःख एकच, की तो धक्का त्याला स्वतःला कधी जाणवत नाही. त्याची महागडी आरामखुर्ची खोलीच्या बरोबर मध्यावर आहे, आणि निसर्गाचा कायदा त्याच जागेवर उठला आहे. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धावतो. बारा फुटांच्या अंतरात त्याची सेकंदाला ४७ कंपनांच्या आसपासची लाट समोरासमोरच्या भिंतींवर आपटून जागच्या जागी उभी राहते, आणि अशा लाटेचा दाब भिंतींशी व कोपऱ्यांत सर्वाधिक, तर मध्यावर जवळजवळ शून्य असतो. म्हणजे ज्याने पैसे भरले त्याच्या वाट्याला शांतता, आणि सगळा गडगडाट बरणीला. तिच्याशेजारी चटईवर बसणाऱ्या मातोश्री तर पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, ‘‘इथं छान हादरतं रे. पाय मोकळे होतात.’’

त्याने मोबाईलवर मोजमाप करून तो कोपरा रीतसर सर्वोत्तम ठरविला. खुर्ची तेथे न्यावी, तर बरणी हलत नाही. गेल्या वर्षीचे लोणचे मुरले, तोवर यंदाच्या कैऱ्या आल्या. आता स्वयंपाकघराकडील भिंत अडीच फूट पलीकडे सरकवून लाटेचीच हद्द बदलण्याची तजवीज त्याने नकाशासह कागदावर मांडली आहे. पत्नीने हरकत नोंदविली असून सुनावणी गणपतीनंतर ठेवली आहे.