कुठपर्यंत आलात?

पुण्याहून मुंबईला विमानानं जाणारा माणूस एकतर मंत्री असतो, नाहीतर पुढे दुबईला निघालेला असतो. मी तिसऱ्या प्रकारातला : मेहुण्याशी पैज लावलेला.

दादरला भाचीचं लग्न होतं. सौभाग्यवती आठवडाभर आधीच तिकडे. मेहुणा म्हणाला, "मी डेक्कन क्वीननं जाणार." मी म्हटलं, "ती १९३० सालची गाडी! रुळांवरून १९२ किलोमीटर. हवेतून जेमतेम १२०. विमान वर गेलं की खालीच यायचं!" मेहुणा नुसता हसला. "बघा हं भाऊजी, नाश्ता गार व्हायच्या आत या."

विमान साडेसातचं, म्हणून पावणेपाचलाच कोथरूडहून रिक्षा केली. वाटेत सौ.चा फोन, "अहो, कुठपर्यंत आलात?"

"येरवडा."

या उत्तरानंतर कुठलीही पुणेरी बायको क्षणभर गप्प होते.

विमानतळावर कमरेचा पट्टा काढून ट्रेमध्ये ठेवला आणि एका हातानं पँट सावरत रांगेत उभा राहिलो. सव्वासातला पुन्हा फोन. "आता कुठे?"

"लोहगाव."

"म्हणजे अजून पुण्यातच?"

त्याच मिनिटाला तिकडे डेक्कन क्वीन सुटत होती. आमचं विमान हललं आठ वाजून दहा मिनिटांनी. मोबाइल बंद करता करता मेहुण्याचा निरोप दिसला : 'लोणावळा येतंय.' सोबत आम्लेटचा फोटो.

विमानात पाण्याची बाटली मिळाली. १८६३ साली ज्याच्यावरून रेल्वे चढली, तो अख्खा बोरघाट माझ्या एका घोटात मागे पडला. वीस मिनिटांत मुंबई दिसली. पण मुंबई ती मुंबईच, तिच्या आकाशातसुद्धा रांग. अर्धा तास घिरट्या. पहिल्या घिरटीत समुद्र पाहून हरखलो, दुसरीत ओळखला, तिसरीत तोंड फिरवलं.

"कुठपर्यंत?"

"सांताक्रूझ."

"मग आलातच की!"

सौ. माहेरची दादरकर असूनही इतकी भाबडी असेल असं वाटलं नव्हतं. बॅग, टॅक्सी, हायवे. कलानगरच्या सिग्नलला टॅक्सी रुतली तेव्हा हिशेब मांडला. पावणेपाच ते साडेदहा, पावणेसहा तास, अंतर १२० किलोमीटर. वेग ताशी २१! मुंबई-पुणे सायकल शर्यतीतले गडी बोरघाट चढूनसुद्धा साधारण चार तासांत पोचतात. शिवाय त्यांना कोणी पट्टा काढायला लावत नाही.

हॉलच्या दारात मेहुणाच गुलाबपाणी शिंपडत उभा. "या भाऊजी! प्रवास कसा झाला?"

आता काय सांगणार? त्याच्या वाटेत लोणावळा, कर्जत, कल्याण. माझ्या वाटेत येरवडा, लोहगाव, सांताक्रूझ, कलानगर. दोन पुण्यातली, दोन मुंबईतली, मध्ये पाण्याचा एक घोट. दोन शहरांमधलं अंतर मी ओलांडलं खरं, पण वाटेत काही लागलंच नाही.

संध्याकाळी परतीच्या विमानाच्या तिकिटावर पाणी सोडलं आणि सौ.सोबत डेक्कन क्वीनमध्ये बसलो. थोड्या वेळानं लेकीचा फोन आला, "बाबा, कुठपर्यंत आलात?"

कटलेटचा घास गिळला, खिडकीबाहेर पाहिलं आणि दिवसभरात पहिल्यांदा ऐटीत उत्तर दिलं,

"घाट लागला!"