भूक विकणे आहे

गांजाने भूक खवळते. हे कळायला डॉक्टरकीची पदवी लागत नाही. महाशिवरात्रीला भांग घेतलेल्या माणसाच्या हाती बर्फीचा पुडा लागला तर त्या पुड्याचे काय होते, हे गल्लीतल्या पोरालाही ठाऊक असते. एवढ्या भांडवलावर अमेरिकेत काहीजणांनी उपचारपद्धती मांडली आहे: जे जेवत नाहीत त्यांना गांजा द्या. गणित इतके सोपे, की उत्तर चुकणारच होते.

कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी १९९६ साली २१५ क्रमांकाचा प्रस्ताव मंजूर करून वैद्यकीय गांजाला वाट करून दिली. त्यातल्या रोगांच्या यादीत कर्करोग, एड्स, काचबिंदू आणि अर्धशिशीच्या पंगतीला जेवण टाकायला लावणारा ॲनोरेक्सियाही बसला. इलिनॉयने ऑगस्ट २०१९ मध्ये ‘ॲनोरेक्सिया नर्वोसा’ असे पूर्ण नाव घालून त्याला आपल्या यादीत घेतले. पुढे १ जानेवारी २०२० पासून त्याच राज्यात एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही दुकानातून गांजा मिळू लागला. रोग्यांना सवलत मिळाली, आणि लगोलग रोगी असण्याची अटही गेली!

यादीत नाव घालायला हात वर केले की भागते. औषध ठरवायचे तर ते रुग्णांना देऊन पाहावे लागते. तेही झाले आहे. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अकरा रुग्णांवर गांजातल्या टीएचसी या रसायनाची डायझेपाम या शामकाशी तुलना झाली. वजन वाढवण्यात टीएचसी सरस ठरले नाही. तिघांना मात्र संशयाने आणि ताबा सुटल्याच्या भावनेने पछाडले. २०१४ साली डेन्मार्कमधल्या चाचणीचे निष्कर्ष आले. वर्षानुवर्षे आजारी असलेल्या पंचवीस स्त्रियांना चार आठवडे ड्रोनॅबिनॉल, म्हणजे कृत्रिम टीएचसी, दिले गेले. नकली गोळीच्या तुलनेत वजन वाढले ०.७३ किलो. वाढले, नाही असे नाही. पण याच रुग्णांची हालचाल मोजली तेव्हा औषधाच्या काळात तिचा जोर वाढलेला दिसला. पोटात गेलेले पायांनी फेडायला सुरुवात केली होती.

का? कारण या आजारात भूक मेलेली नसते. अमेरिकेत मिनेसोटाला १९४४-४५ मध्ये अँसेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवले. ती मुले अन्नाची स्वप्ने पाहू लागली, पाककृतींची पुस्तके जमवू लागली, ताटातले घासभर अन्न तासभर पुरवू लागली. ॲनोरेक्सियाच्या रुग्णाचेही हेच होते. घरातल्या सगळ्यांसाठी रांधते, कशात किती कॅलरी ते तोंडपाठ सांगते, आणि स्वतः पानावर बसत नाही. भूक दार ठोठावतेच आहे. आतून कडी घातली आहे ती वजन वाढण्याच्या भीतीने. अशा घरी गांजा पाठवणे म्हणजे आणखी जोरात ठोठावणारा माणूस पाठवणे.

त्यात गांजाची सगळी मजा ताबा सैल होण्यात. आणि या रुग्णाने जग गमावून जपलेली एकच गोष्ट असते, ती म्हणजे ताबा. १९८३ च्या चाचणीतल्या त्या तिघांना काय झाले असेल याचा उलगडा इथे होतो. शिवाय उपासमारीने नाडी मंदावलेली, रक्तातले पोटॅशियम घसरलेले; त्यावर हृदयाची धडधड वाढवणारे आणि रक्तदाब पाडणारे रसायन. आणि ज्यांचा आजार उलट, म्हणजे बकाबका खाण्याचा आहे, त्यांना भूक वाढवून देणाऱ्याला काय म्हणावे?

टीएचसीला कामच नाही असे मात्र कोणी समजू नये. केमोथेरपीच्या उलट्यांवर ड्रोनॅबिनॉलला अमेरिकेत १९८५ साली मान्यता मिळाली, एड्सच्या रुग्णांची अन्नावरची वासना उडून वजन उतरते त्यावर १९९२ साली. तिथे भूक खरोखरच गेलेली असते, म्हणून ती आणून देण्यात अर्थ असतो.

हाच धंदा उलट्या दिशेनेही करून झाला आहे. गांजा मेंदूतल्या ज्या ग्राहींवर (रिसेप्टरांवर) काम करतो, तेच अडवून लठ्ठ माणसांची भूक मारणारे रिमोनाबंट २००६ साली युरोपात विक्रीला आले. वजन उतरले, सोबत मनही उतरले. नैराश्य आणि आत्महत्येचे विचार दिसू लागल्यावर युरोपने २००८ मध्ये विक्री थांबवली. भारताने २००९ च्या डिसेंबरात बंदी घातली. भूक लावणारे आणि भूक मारणारे, दोघांचाही एकच समज: जेवणाचा आजार म्हणजे पोटाचा आजार.

ॲनोरेक्सिया झालेल्या किशोरवयीन मुलांत ज्या उपचाराला सर्वांत भक्कम आधार आहे, तो लंडनच्या मॉड्सली रुग्णालयात आकाराला आला. जेवणाची सूत्रे आईवडिलांनी हाती घ्यायची, पान वाढायचे, आणि रडारड, भांडणे सोसत शेवटच्या घासापर्यंत समोर बसायचे. असे महिनोन्‌महिने. यात पेटंट कशाचे घेणार? वरणभाताचे?

आपल्याकडे अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या कायद्याने गांजा-चरस हद्दपार केले, भांगेचे पान मात्र त्या व्याख्येबाहेर ठेवले. त्याच पानाचे अर्क ‘विजया’ नावाने आयुर्वेदिक परवान्यावर विकले जातात. झोप, चिंता, सांधे, भूक, सगळे एका बाटलीत! ॲनोरेक्सियाचे गिऱ्हाईकही तिथे पोचेल, आणि उशिरा पोचेल. कारण मुलगी जेवत नाही हे ध्यानात येईपर्यंत घरीदारी तिचे कौतुकच चाललेले असते. आयुर्वेदिक औषधांतल्या विषारी द्रव्यांची एक सरकारी यादी आहे, अनुसूची ई (१). याद्यांचीच हौस असेल तर ‘अय्या, किती बारीक झालीस, छान दिसतेस!’ हे वाक्य या यादीत घालून टाका. भांग तिथे आधीपासूनच आहे.