अडीच फुटी ग्राफिक्स कार्ड

ग्राफिक्स कार्ड पुतण्याच्या अभ्यासासाठी घ्यायचं आहे, असं प्रस्तुत लेखकाने घरात जाहीर केलं तेव्हा पुतण्या ओट्यावर मोबाइलमध्ये मान घालून बसला होता. त्याने मान वर केली, काकाकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. बारावी सायन्सच्या कुठल्याच विषयाला ग्राफिक्स कार्ड लागत नाही हे त्या पोराला माहीत होतं. काकालाही होतं. पण महाराष्ट्रातल्या घराघरांत पहिला संगणक 'मुलांच्या अभ्यासासाठी' याच पासवर आत आला आणि नंतर त्यावर पत्ते खेळले गेले. चालू असलेला पास बदलायचा कशाला?

खानदेशातल्या पहूरला प्रस्तुत लेखक संगणकातला माणूस समजला जातो. ही समजूत पसरवण्याचं बरंचसं काम त्याने स्वतःच केलं आहे. कुणाचा सातबारा निघेना, कुणाच्या प्रिंटरने कागद गिळला, की लोक त्याच्याकडे येतात. त्याच्याकडे उपाय एकच : मशीन बंद करायचं, दहापर्यंत मोजायचं, सुरू करायचं. दहातल्या सात वेळा जमतं. उरलेल्या तीन वेळा तो चष्मा काढून, पुसून, 'मदरबोर्ड गेला' असं सांगतो. निदान करताना चष्मा पुसला की माणसं वाद घालत नाहीत.

त्याचा स्वतःचा मदरबोर्ड मात्र जायला तयार नाही. त्यावर इंटेलचा कोअर आय-फाइव्ह २४०० बसलेला आहे, म्हणजे २०११ सालची पैदास. चित्र दाखवण्यासाठी त्याच चिपच्या पोटात एक छोटी सोय आहे, एचडी ग्राफिक्स २००० नावाची. ती एक्सेल दाखवते, पंचांग दाखवते, लग्नाचा व्हिडिओही दाखवते. पण पडद्यावर त्रिमितीतलं काही हलवायला सांगितलं की तिला दम लागतो.

कार्डाला जागा आहे का हे बघायला लेखकाने कॅबिनेटची बाजू उघडली. पंख्याच्या पात्यांवर कापसाचा पिंजलेला थर बसला होता. एवढा काळा नसता तर त्याच्या फुलवाती झाल्या असत्या. कारण उघड आहे. भाव चढेल म्हणून कापूस ज्या खोलीत रचून ठेवायचा, त्याच खोलीत हा संगणक राहतो. दोघंही लेखकाच्या अर्थशास्त्रावर भरवसा ठेवून बसलेले.

त्या अर्थशास्त्राची गोष्ट थोडक्यात सांगून टाकू. २०२१ मध्ये इथेरियम नावाचं आभासी नाणं खणणाऱ्यांनी जगभरची ग्राफिक्स कार्डं उचलली आणि साध्या कार्डालाही सोन्याचे दिवस आले. नेमका त्याच हंगामात, २०२२ च्या सुरुवातीला, कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. खिशात पैसे होते, पण कार्ड महाग होतं. लेखक म्हणाला, थांबू. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने खाणकामच बंद केलं, राबराबून थकलेली कार्डं सेकंड हँड बाजारात आली, भाव कोसळले. पण त्या हंगामात लेखकाने, साऱ्या खानदेशाबरोबर, कापूस घरात दाबून ठेवला होता. तोही कोसळला. कार्ड पुन्हा तेवढंच महाग. या काळात बाजाराचा अंदाज त्याने पारावर अनेकांना फुकट दिला.

यंदा मात्र त्याने निर्धार केला आणि अभ्यासाला लागला. पुतण्याच्या वाटचा अभ्यास असा काकाने केला.

पहिली ठेच एसएमपीएसला लागली. कॅबिनेटमागच्या त्या वीजपुरवठ्याच्या डब्यावर ठळक अक्षरांत '४५० वॅट' छापलेलं. लेखक इतकी वर्षं हा आकडा पाहुण्यांना सांगत आला होता. आता चष्मा खरोखर पुसून त्याने लेबलवरचा बारीक तक्ता वाचला, तर १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर. कार्ड आणि प्रोसेसर जगतात ते या १२ व्होल्टवर. बारा सोळं एकशे ब्याण्णव. पैकी प्रोसेसरच ९५ वॅटचा. म्हणजे १८५ वॅट पिणारं आरएक्स ५८०, जे सेकंड हँडमध्ये स्वस्त मिळतं आणि ज्याच्यावर लेखकाचं मन बसलं होतं, ते लावलं असतं तर निर्धारासकट सगळं धुरात गेलं असतं. उरली ती कार्डं, ज्यांना वेगळी पॉवरची वायर लागत नाही, जी मदरबोर्डच्या खाचेतून मिळणाऱ्या जास्तीत जास्त ७५ वॅटवर भागवतात.

आणि या गरिबांच्या रांगेत उभं राहिल्यावर लेखकाचं डोकं फिरलं.

एनव्हिडियाचं जीटी १०३० घ्या. २०१७ साली आलं तेव्हा त्याला जीडीडीआर ५ जातीची मेमरी होती आणि ती सेकंदाला ४८ गिगाबाइटची ने-आण करी. २०१८ मध्ये त्याच नावाने दुसरं आलं, साध्या डीडीआर ४ मेमरीचं. त्याची ने-आण सतराच्याही आत. नाव तेच, आकडा तोच, खोकी सारखीच, आणि काम निम्म्याच्या आसपास. पहूरच्या माणसाला खरं तर हे नवीन नाही. पहूर म्हटलं की पेठ की कसबे, हे विचारायचं असतं. नाव एक, गावं दोन. पण पेठेच्या माणसाने आपण कसबेचे आहोत असं सांगून कुणाला कधी काही विकलेलं नाही. बरं, हे एकदाच झालं असंही नाही. आरटीएक्स ३०५० चं ८ जीबीचं कार्ड २०२२ मध्ये आलं, ६ जीबीचं २०२४ मध्ये. वाचणाऱ्याला वाटतं, दोन जीबीचाच काय तो फरक. पण आतले कोअरही कमी आणि मेमरीचा रस्ताही अरुंद. लाखाचं कार्ड घेणाऱ्याला सल्ला द्यायला दहा जण धावतात. पाच हजारवाला पै-पै जमवून जातो, खोक्यावरचं नाव वाचतो आणि घेऊन येतो. त्यालाच नेमकी बारीक अक्षरं वाचायला लावायची? कापसाचं बियाणं घेताना पाकिटावरचं नाव वाचून फसलेला शेतकरी या भागात शोधावा लागत नाही. त्याचं निदान चार महिन्यांनी शेतात दिसतं. कार्डवाल्याला तर आपण फसलो हेही कळत नाही. त्याला वाटतं, आपला संगणकच जुना.

असो. रक्तदाब वाढला की लेखक एएमडीकडे वळतो.

एएमडीचं आरएक्स ६४०० हे ५३ वॅटचं कार्ड, एसएमपीएसच्या बेतात बसणारं. लेखकाने मनातल्या मनात त्याला हळद-कुंकू लावलं. मग कळलं की ते खाचेत ऐटीत बसतं, पण माहितीची ने-आण करणाऱ्या १६ लेनपैकी वापरतं चारच. नव्या मदरबोर्डवर त्या चार लेनमधून सेकंदाला आठेक गिगाबाइट जातात, म्हणून तिथे खपून जातं. लेखकाच्या २०११ च्या बोर्डावर त्याच चार लेनमधून जाणार दोन. कार्ड दणकट, रूळ अरुंद.

हा शब्द आला आणि लेखकाचं कार्डावरचं लक्ष उडालं. अरुंद रुळाचं पहूरच्या माणसाला कुणी काय सांगावं? पीजे. पाचोरा-जामनेर. अडीच फुटांचा रूळ, ५६ किलोमीटर. पाचोरा, वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर, भागदरा, जामनेर. ही नावं लेखकाला पाढ्यांच्या आधी पाठ झाली. शकुंतला म्हणून वऱ्हाडात जिचं कौतुक होतं, ती यवतमाळ-मूर्तिजापूरची गाडी हिची सख्खी बहीण, एकाच सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीच्या पोटची. पण बहिणीला नाव मिळालं आणि हिला नुसती आद्याक्षरं. चालत्या पीजेतून उतरून, शेतातली काकडी तोडून, पुन्हा तिच्यातच चढल्याचं सांगणारे गावात अजून भेटतात. स्वतः केलेला एकही भेटत नाही, प्रत्येकाचा मामाच असतो.

पाचोऱ्याला मुंबई-भुसावळची मोठी लाइन. तिचा रूळ साडेपाच फुटांचा. तिथे जामनेरकडचा माल छोट्या वाघिणीतून उतरवायचा, पाठीवर घ्यायचा, मोठ्या वाघिणीत भरायचा. मोठी गाडी कितीही पळो, माल फलाटावर हमालाच्या चालीने सरकणार. चार लेनच्या कार्डाचंही हेच. त्याची स्वतःची ४ जीबी मेमरी भरली की पुढचा माल संगणकाच्या रॅममधून ओढून आणावा लागतो, आणि तो येणार त्या चार लेनने, हमालाच्या चालीने. तोवर पडद्यावरचं चित्र पाचोऱ्याच्या फलाटावर ट्रंकेवर बसून राहणार. प्रस्तुत लेखकाच्या मते 'बॉटलनेक' या शब्दाचा याहून चांगला खुलासा आजवर झालेला नाही. हे मत त्याने पुतण्याला ऐकवलंही. पुतण्या म्हणाला, "काका, कार्डाचं बोला."

पण आता पीजे निघालीच आहे तर शेंदुर्णीपर्यंत जाऊ. लेखकाच्या आईचं माहेर शेंदुर्णी. म्हणजे मामाचं गाव अवघ्या एका स्टेशनावर. वर्गातली पोरं सुट्टीत नाशिकला जायची, सुरतेला जायची. हा डब्यात बसून खिडकी पकडेपर्यंत उतरायची वेळ. झोप लागल्याचं सोंग घेऊन पाचोऱ्यापर्यंत जायचं, असा बेत त्याने दर उन्हाळ्यात केला. दर उन्हाळ्यात आईने कान धरून उतरवलं. फलाटावर कडुनिंबाखाली एक बाई पेरू घेऊन बसायची. आई दोन घ्यायची, एक भावासाठी, एक सोंगाड्यासाठी.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि पीजे थांबली ती थांबलीच. रुंदीकरण होऊन ती बोदवडपर्यंत जायची आहे, काम मंजूर आहे. मोठा रूळ येईल, पोरं सकाळी जाऊन संध्याकाळी परत येतील, चांगलंच होईल. याविरुद्ध बोलणाऱ्याला गावाने वेड्यात काढावं. लेखक विरुद्ध बोलत नाही. तो फक्त रात्री दार लावून, संगणकावर अडीच फुटांचा रूळ टाकत बसतो.

तर हे होतं कार्डाचं खरं कारण. मायक्रोसॉफ्टने २००१ मध्ये ट्रेन सिम्युलेटर नावाचा खेळ काढला होता. त्याच्यासाठी बनवलेले मार्ग आणि इंजिनं चालवणारं ओपन रेल्स नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आता मिळतं, आणि आपला मार्ग आपण बांधूही शकतो. पन्नाशी ओलांडलेला, गावात मदरबोर्डाची निदानं करणारा माणूस पाचोरा ते जामनेर गाडी-गाडी खेळायला कार्ड शोधतो आहे, हे पारावर कसं सांगणार? त्यापेक्षा अभ्यास बरा.

शेवटी तो जळगावला गोलाणी मार्केटमध्ये गेला. दुकानदाराला त्याने वॅट, लेन, बँडविड्थ असं सगळं न थांबता ऐकवलं. दुकानदाराने ते चहा संपेपर्यंत शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "भाऊ, चालवायचं काय ते सांगा आधी."

लेखकाने इकडेतिकडे पाहून हळूच सांगितलं.

"त्याला एवढं कशाला? मॉनिटर कोणता तुमचा?"

मॉनिटर! त्याला तर निळ्या तोंडाची जुनी व्हीजीए वायर. एनव्हिडियाने २०१६ च्या पिढीपासून ही जुनी ॲनालॉग सोय काढून टाकली. तिथून पुढचं कुठलंही कार्ड घेतलं असतं तर वेगळा कन्व्हर्टर, नाहीतर नवा मॉनिटर. महिनाभर अभ्यास करून या गोष्टीकडे लेखकाचं लक्षच गेलं नव्हतं. त्याला एकदम आठवलं : मोबाइलवर कुणीतरी अगदी स्वस्तात विकत असलेलं, त्याने जवळजवळ नक्की केलेलं जीटीएक्स १०५० टीआय, ज्याच्या फोटोत निळं व्हीजीए तोंड स्पष्ट दिसत होतं. त्या पिढीच्या कार्डाला ते असण्याचं कारणच नाही. जुन्या कार्डावर नव्याचं नाव चढवून विकतात, ते हे. असली सोंगं इतकी वाढली होती की जीपीयू-झेड या तपासणीच्या सॉफ्टवेअरने २०१८ पासून त्यांच्यापुढे 'खोटं' असं लिहून दाखवायला सुरुवात केली. लेखकाने ते वाचलंही होतं. फक्त आपल्याला लागू केलं नव्हतं.

दुकानदाराने खणातून एक सेकंड हँड जीटीएक्स ७५० टीआय काढलं. २०१४ चं, ६० वॅट, सोळाच्या सोळा लेन, डीव्हीआयला छोटी टोपी लावली की जुनी वायर चालू. दुकानातच लावून दाखवलं. त्याला लागली दहा मिनिटं. परतीच्या बसमध्ये लेखकाने ठरवून टाकलं की हेच कार्ड आपल्याही मनात पहिल्यापासून होतं. पहूर येईपर्यंत त्याचा त्यावर विश्वासही बसला.

रात्री गाडी निघाली. खोलीत ३९ अंश, कार्डाचा पंखा घोंघावत होता. इंजिन पाचोऱ्याहून सुटलं, गुळगुळीत, एकदाही न अडखळता. पुतण्या मोबाइल ठेवून शेजारी येऊन बसला. आईही आली, खुर्ची ओढून, चष्मा लावून.

"हे पाचोरं नाही," आई म्हणाली. "देवदार कुठले पाचोऱ्याला?"

झाडं सॉफ्टवेअरबरोबर आलेली, परदेशी. लेखकाने तसं सांगितलं. आईला ते पटलं नाही. पुढचा महिनाभर तिच्या देखरेखीखाली देवदार तोडले गेले, बाभळी लागल्या, शेंदुर्णीच्या फलाटावर कडुनिंब उभा राहिला. कडुनिंबाला सावली हवी म्हणाली. सावली पडली. मग खाली पेरूवाली हवी, तिची टोपली हवी, टोपलीतले पेरू सुटेसुटे दिसायला हवेत. पुतण्या तीन रात्री जागून एकेक पेरू घडवत होता. त्याची बारावी बाजूला पडली होती आणि घरात त्याविषयी कुणी बोलत नव्हतं.

परवा गाडी पिंपळगाव सोडून शेंदुर्णीच्या फलाटात शिरली आणि कडुनिंब दिसताच गचके खाऊ लागली. पुतण्याने कोपऱ्यातला आकडा वाचला. "काका, सेकंदाला अकराच फ्रेम."

"काय झालं? थांबली का?" आईने विचारलं.

"आजी, कार्ड छोटं पडतंय."

आईने पडद्यावरून नजर काढली नाही. टोपलीतले पेरू तेवढ्यापुरते जागच्या जागी थिजले होते.

"मग मोठं आण म्हणावं," ती म्हणाली. "अभ्यासासाठी."