जमिनीचा स्वभाव

कळंबात लग्नाची पंगत बसली की नानांच्या सदऱ्याच्या खिशातून पेनासारखा टीडीएस मीटर निघतो. पेल्यात बुडवायचा, चष्मा कपाळावर चढवायचा, आकडा वाचायचा, मगच घोट. "18!" नाना यजमानाला ऐकवतात. "हे बॅटरीत घाला. माणसांना विहिरीचं द्या."

हा मीटर क्षार मोजत नाही, पाण्यातून वीज किती वाहते ते पाहून अंदाज सांगतो, हे नानाच सगळ्यांना समजावतात. तरी बुडवल्याशिवाय त्यांना राहवत नाही.

काकूंची तूरडाळ शिजली नाही की काकू कुकरकडे बघतात आणि नाना बोअरकडे. मग कट्ट्यावर बसवून प्रवचन! पावसाचं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन मुरतं, आपला काळा बेसॉल्ट हळूहळू विरघळवतं, त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम घेतं आणि जड होतं. "हा दोष नव्हे, जमिनीचा स्वभाव!" काकू म्हणतात, "स्वभाव कळला, डाळीचं काय?" त्यावर नाना सोड्याचा डबा पुढे सरकवतात.

धाकटीला स्थळ आलं ते अकोल्याकडचं, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातलं. नानांनी पगार विचारला नाही, सरळ विहिरीचं पाणी चाखलं. खारट! घरच्यांना वाटलं, मोडलं लग्न. "जमिनीचा स्वभाव. त्यात पोराचा काय दोष?" म्हणत त्यांनी सुपारी फोडायला सांगितलं.

एकदा शुद्धीकरणाचं यंत्र विकणारा पोरगा गावात आला. एका पेल्यात विहिरीचं पाणी, दुसऱ्यात यंत्राचं. दोन्हींत लोखंडी सळ्या सोडून वीज लावली. विहिरीचं पाणी मातकट, गढूळ झालं. यंत्राचं नितळ राहिलं. बाया हादरल्या. "बघा, हे पिता तुम्ही!" नानांनी काकूंकडून चिमूटभर मीठ मागवलं, नितळ पेल्यात टाकलं. "आता लाव." तोही पेला गढुळला. गाळ झिजलेल्या सळ्यांचा होता. क्षार नसलेल्या पाण्यातून वीजच जात नव्हती, एवढीच जादू. पोरगा सामान आवरू लागला, तर नानांनी त्याला जेवायलाच बसवून घेतलं. पाणी अर्थात विहिरीचं.

पण नायट्रेटचं नाव निघालं की नानांची माया आटते. भारतीय मानकात लिटरला 45 मिलिग्रॅमची मर्यादा आहे. जडपणाला 200 वरून 600 पर्यंत सूट मिळते, नायट्रेटला नाही. एका विहिरीचा अहवाल वाईट आला तेव्हा कुणीतरी त्यांचंच वाक्य त्यांच्यावर फेकलं: "जमिनीचा स्वभाव, नाना!" नाना ताडकन उठले. "बेसॉल्टात नायट्रेट कुठून येणार? हा तुमच्या उकिरड्याचा स्वभाव!" महिनाभर दोन घरांत बोलणं बंद होतं. उकिरडा मात्र हलला.

भूजल सर्वेक्षण यंत्रणेची माणसं निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरात मोजतात, म्हणून नानांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातही त्याच महिन्यांवर निळ्या खुणा. दोरीला दगड बांधून ते गावची विहीर मोजतात आणि आकडा वहीत उतरवतात. ती वही अजून कुणी मागितलेली नाही.

तुम्हाला नमुना तपासायला द्यायचा असेल तर नाना आनंदाने सोबत येतील. मात्र हातपंपाचं साचलेलं पाणी आधी उपसून टाका आणि बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा. दोनदाच विसळलीत तर त्यांना कळतं.