स्टेशनवर हार घेऊन उभ्या असलेल्या स्वागत समितीस

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सन्माननीय सदस्य,
स्वागत समिती,
फलाट क्रमांक १.

विषय : दिल्लीहून परत येणाऱ्या शालेय बँड पथकाला घरी जाऊ देण्याबाबत.

महोदय,

सर्वप्रथम समितीचं हार्दिक अभिनंदन. तालुक्यातल्या शाळेचं मुलींचं पाईप बँड पथक दिल्लीला निघालं, तेव्हा त्याची खबर समितीला नव्हती. फलाटावर तेव्हा पालक होते, शाळेतले शिपाईमामा होते आणि चहावाला होता. पथक परत येतंय ही बातमी मात्र समितीला वेळेत मिळाली. त्यामुळे आज ढोल-ताशा आहे, फेटे आहेत, आणि स्टेशनच्या बाहेर सोंडेत झेंडू भरून जेसीबी उभा आहे. (शाळेचं नाव या पत्रात कुणी शोधू नये. पथक प्रातिनिधिक आहे. स्पर्धा, रकमा, नियम आणि गाडी मात्र खरी आहे.)

फ्लेक्सबद्दल बोलायलाच हवं. त्यावर 'अटकेपार झेंडा' असं लिहिलंय. अटक सिंधूकाठी आहे आणि मराठी फौजा तिथे १७५८ साली पोचल्या होत्या. गोवा एक्स्प्रेस हजरत निजामुद्दीनच्या पुढे जात नाही. तिथून पानिपतसुद्धा बरंच लांब पडतं. फ्लेक्सवर ओळखू येतील असे सतरा चेहरे आहेत. त्यातले सोळा समितीचे आणि समितीला शुभेच्छा देणाऱ्यांचे. सतरावा वरच्या कोपऱ्यातल्या दादांचा, तो इतरांच्या चौपट. मुली खाली डावीकडे, एका सामूहिक छायाचित्रात, टपाल तिकिटाएवढ्या. बँड शिकवणारे सर त्या छायाचित्रात होते, पण छापताना कडेला कापले गेले.

'दिल्ली जिंकली' हे फ्लेक्सवरचं दुसरं वाक्य. इथे थोडा तपशील देणं भाग आहे. राष्ट्रीय शालेय बँड स्पर्धा संरक्षण आणि शिक्षण अशी दोन मंत्रालयं मिळून भरवतात. प्रजासत्ताक दिनाच्या सोहळ्याचाच तो भाग. आधी राज्य, मग विभाग आणि मग दिल्ली. मुलांचा ब्रास, मुलींचा ब्रास, मुलांचा पाईप, मुलींचा पाईप असे चार गट, प्रत्येक गटात चार संघ. म्हणजे अंतिम फेरीत १६ संघ. २०२५ मध्ये ही फेरी २४ आणि २५ जानेवारीला मेजर ध्यानचंद राष्ट्रीय स्टेडियमवर झाली. पहिल्या संघाला २१,००० रुपये, दुसऱ्याला १६,०००, तिसऱ्याला ११,००० आणि उरलेल्या एकाला उत्तेजनार्थ ३,०००. आपल्या पथकाचा नंबर चारात चौथा आला. पंचवीस मुली धरल्या तर डोईला १२० रुपये पडतात. देशातल्या अंतिम चारांत बसणं ही फार मोठी गोष्ट आहे आणि मुलींना ती नीट कळलेली आहे. पण 'चारात चौथा' हे फ्लेक्सवर चांगलं दिसत नाही, ही समितीची अडचणही समजण्यासारखी आहे.

आता प्रवासाविषयी, कारण समितीच्या सत्कारपत्रात तो 'सुखरूप' या एका शब्दात उरकलाय.

रेल्वेची एक गंमत आहे. शैक्षणिक सहलीला निघालेल्या विद्यार्थ्यांना शयनयान वर्गाच्या भाड्यात निम्मी सवलत मिळते. मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याचा अर्ज लागतो. कार्यक्रमाला निघालेल्या कलावंतांनाही पूर्वी सवलत मिळायची, ती मार्च २०२० मध्ये बंद झाली ती झालीच. तेव्हा पथकातल्या मुली जाता-येता विद्यार्थिनी होत्या. कलावंत झाल्या त्या फक्त स्टेडियमवर.

सामानाचा हिशेब याहून अवघड. शयनयान वर्गात माणशी ४० किलो सामान फुकट नेता येतं, त्यामुळे वजनाची चिंता नव्हती. चिंता आकाराची होती. डब्यात न्यायची पेटी फार तर १०० बाय ६० बाय २५ सेंटीमीटरची असावी, असा नियम आहे. २८ इंची बिग ड्रम म्हणजे ७१ सेंटीमीटरचा व्यास. कसाही फिरवा, उभा करा, आडवा करा, तो नियमात बसत नाही आणि बर्थखालीही बसत नाही. कायद्याने त्याची जागा ब्रेक व्हॅनमध्ये. पण मुलींचा ब्रेक व्हॅनवर विश्वास नव्हता. त्यामुळे बिग ड्रम परतीच्या वाटेत साइड लोअर बर्थवर, खिडकीच्या बाजूला, शाल पांघरून झोपून येतोय, आणि तो वाजवणारी मुलगी मैत्रिणीच्या बर्थवर उलट्या दिशेला पाय करून. तिकीट तपासनीस आले तेव्हा त्यांनी आधी शालीकडे पाहिलं, मग यादीकडे, मग पुन्हा शालीकडे. "ही झोपलेली कोण?" त्यांनी विचारलं. पंचवीस मुली एकदम हसल्या आणि प्रश्न तिथेच मिटला.

साइड ड्रमची गोष्ट वेगळी. त्याच्या खालच्या चामड्याला बारीक तारा लागून असतात, म्हणून त्याचा आवाज तडतडीत येतो. त्या तारा सैल करून ठेवल्या नाहीत तर गाडीच्या प्रत्येक धक्क्याला ड्रम आपणहून वाजत राहतो. परतीच्या रात्री एका ड्रमच्या तारा सैल करायच्या राहिल्या. आग्र्यापासून ग्वाल्हेरपर्यंत सगळ्या डब्याला कळेना की पाऊस पडतोय की काय. शेवटी वरच्या बर्थवरचे एक आजोबा उतरले, बॅटरी लावून त्यांनी ड्रम शोधला आणि त्याच्यावर आपली उशी ठेवली. झोपेतून उठलेल्या मुलीने खटका खाली पाडला आणि उशी परत दिली. आजोबांनी सकाळी तिला पेठा दिला.

आणि सर. सर लष्करातून निवृत्त. लष्करी वाद्यवादकांचं शिक्षण पचमढीच्या लष्करी संगीत विभागात होतं, तसंच त्यांचंही झालं. इटारसीला गाडी थांबली तेव्हा त्यांनी दारात उभं राहून पूर्वेकडे हात केला आणि "त्या बाजूला पचमढी" एवढंच सांगितलं. तिथला उन्हाळा, तिथले उस्ताद, पहाटेचा सराव यांवर एक तास व्याख्यान होणार अशी मुलींची अपेक्षा होती. ते झालं नाही. सर चहा घेऊन आले. समितीच्या वक्त्यांनी हा प्रसंग जरूर वाचावा.

दिल्लीच्या थंडीने पथकाला पुरतं छळलं. बॅगपाईपच्या जिभल्या, म्हणजे रीड, बोरूसारख्या गवताच्या. कोरड्या, गार हवेत त्या आखडतात आणि एका पाईपचा सूर दुसऱ्याशी जमेना होतो. मुलींनी चँटर, म्हणजे बोटांनी सूर काढायच्या नळ्या, स्वेटरच्या आत, पोटाशी धरून ठेवले. स्टेडियमवर रांगेत उभ्या असलेल्या दोन-तीन संघांच्या मुलीही तेच करत होत्या, असं त्या सांगतात. पंजाबी, मल्याळम, नागपुरी हिंदी, सगळ्यांची पोटं फुगलेली. सहलीतली सर्वांत जास्त सांगितली जाणारी आठवण ही आहे. त्यानंतरचा क्रमांक स्टेडियमवरच्या राजमा-भाताचा. राजपथाचं नाव आता कर्तव्यपथ झालंय वगैरे माहिती बरीच खाली.

यापुढचं समितीने लक्ष देऊन वाचावं, कारण ते आजच्या रात्रीचं आहे.

जानेवारीत उत्तरेत धुकं असतं आणि धुक्यात गाड्या रखडतात. गोवा एक्स्प्रेस भुसावळ, मनमाड, नगर, दौंड करत इथे पोचेल तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेलेले असतील. या मुलींच्या अंगावर एका अख्ख्या दिवस-रात्रीचा आणि वर आणखी काही तासांचा प्रवास असेल. निम्म्या जणींचे ओठ फुटलेले असतील. एकीचा पांढरा हातमोजा भोपाळला पडला, ती अजून त्याच्या काळजीत असेल. आणि समितीच्या कार्यक्रमपत्रिकेत पहिली बाब अशी आहे : 'पथकाच्या वादनाने दादांचे स्वागत.'

म्हणजे स्वागत नेमकं कुणाचं?

शिवाय ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० पासून आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, हे समितीला गणेशोत्सवामुळे पाठ असेलच. पण २०१० च्या दुरुस्तीनंतर त्यात वाद्यंही आली. पाईप बँडला आवाज कमी-जास्त करायची सोय नसते. पिशवीत हवा भरली की तो एकाच जोरात वाजतो. "भाषण चालू आहे, जरा हळू वाजवा" ही सूचना त्या वाद्याला कळत नाही. आणि बेकायदा फलकांचं म्हणाल तर मुंबई उच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०१७ रोजी त्यावर निकाल दिला आहे. याचिका साताऱ्याच्या 'सुस्वराज्य फाउंडेशन'ची होती. समितीचा फ्लेक्स विजेच्या खांबाला बांधलाय, हे इथे केवळ माहितीसाठी.

मागच्या सत्काराला दादांनी 'झिंगाट' वाजवायला सांगितलं होतं. आजही सांगतील, अशी कुजबुज आहे. गाण्याबद्दल आक्षेप नाही. 'सैराट'च्या संगीताचा काही भाग लॉस एंजेलिसमध्ये मोठ्या सिंफनी वाद्यवृंदाकडून ध्वनिमुद्रित झाला होता. तेव्हा वाद्यांची त्या सिनेमाला कदर आहे. पण पाईपच्या चँटरवर नऊच स्वर निघतात. त्या नऊ स्वरांत गाणं बसवायचं, त्याखाली तीन ड्रोन-नळ्यांचा अखंड सूर जुळवायचा आणि पंचवीस जणींना एका पावलावर आणायचं, याला सरांना आठवडे लागतात. फलाटावर "एकच वाजवा ना, बाळांनो" म्हटल्याने ते होत नाही. त्यातून मुलींच्या गळ्यात झेंडूचे हार. हार खांद्यावरच्या ड्रोनमध्ये अडकतो आणि फुंकायची नळी त्यात सापडत नाही. सत्कारमूर्तीला वाजवता येऊ नये याची इतकी पक्की व्यवस्था क्वचितच कुणी करत असेल.

मिरवणुकीचा मार्गही समितीने ठरवलाय : स्टेशन, मुख्य पेठ, पुतळा, दादांचं कार्यालय. अमेरिकेत पासाडेनाला १ जानेवारीच्या रोझ परेडमध्ये शाळांची पथकं साडेपाच मैल वाजवत चालतात. जपानच्या क्योटोहून ताचिबाना हायस्कूलचं पथक २०१२, २०१८ आणि २०२५ अशा तीन वेळा तिथे जाऊन चाललं. मात्र त्या पथकांना चालायचंय हे आधीपासून माहीत असतं, आणि ती चालतात ती पोचल्यावर, परतल्यावर नव्हे.

जाता जाता : हीच गाडी मुलींना उतरवून पुढे मिरज, बेळगाव करत वास्कोला जाते. पोर्तुगीज काळापासून गोव्यातल्या पॅरिश शाळांत पोरं स्वरलिपी शिकत आली आणि त्यांतली पुष्कळ पुढे मुंबईच्या सिनेमाच्या वाद्यवृंदांत गेली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. तिथे शाळेतल्या वाद्यांना कुणी हार घातल्याचं ऐकिवात नाही. कुणीतरी त्यांच्या तारा आणि रीड वेळेवर बदलत असणार.

इथे येऊन गाडी अडते. पथकाचे दोन पाईप गळतात. बिग ड्रमच्या चामड्याला सायकलच्या पंक्चरचं ठिगळ आहे; ते दिल्लीला परीक्षकांना दिसू नये म्हणून मुलीने त्या बाजूने ड्रम पोटाकडे धरला. वाद्यं मेरठच्या जाली कोठीत मिळतात, देशभरच्या बँडवाल्यांचा तो जुना बाजार. सरांनी तिथून भाव मागवून ठेवलेत. ती चिठ्ठी गेल्या जूनपासून मुख्याध्यापकांच्या टेबलावरच्या काचेखाली आहे. जेसीबीचं भाडं किती झालं, असा प्रश्न सभ्यतेला सोडून होईल, म्हणून विचारलेला नाही.

तेव्हा विनंती एवढीच की गाडी लागल्यावर समितीने फलाटाच्या पुढच्या टोकाला, इंजिनाजवळ उभं राहावं. पथकाचा डबा मागच्या बाजूला येतो. पालकांना तसं कळवून ठेवलंय. समिती शोधत येईपर्यंत रिक्षा निघालेल्या असतील, आणि बिग ड्रमसाठी एका काकांनी टेम्पो सांगितलाय. दादांचं भाषण मात्र जरूर व्हावं. ढोल-ताशावाले आहेतच, ते टाळ्या वाजवतील.

कळावे, लोभ आहेच, वाढू नये ही विनंती.

आपला,
एक पालक (टेम्पोवाले काका नव्हेत)

ता. क. : २ फेब्रुवारीला सकाळी सात वाजता ओपन जिमच्या उद्घाटनाला पथक पाठवण्याबाबतचं समितीचं पत्र शाळेला मिळालं. त्या दिवशी नववीची विज्ञानाची चाचणी असल्यामुळे पथक येणार नाही. शाळेत ब्लूटूथ स्पीकर आहे. तो शिपाईमामांकडून वहीत सही करून न्यावा आणि परत करताना चार्जरही सोबत द्यावा. मागच्या वेळी आला नव्हता.